शेतातलं वाहतं पाणी आणि धुपणारी माती: संगणकावर स्वतःचं मॉडेल कसं बांधायचं

शंभर मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असा शेताचा एक पट्टा डोळ्यांसमोर आणा. वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत दोन मीटरचा उतार, म्हणजे शेकडा दोन. तासाला ६० मिलिमीटरच्या जोराने पाऊस कोसळतोय, जमीन आधीच भरून आलीय, थेंबही मुरत नाही. खालच्या बांधाशी वाहणारं पाणी किती खोल असेल? बहुतेक जण घोटाभर म्हणतात. गणित सांगतं, एक सेंटीमीटर. वेगही सेकंदाला सोळा-सतरा सेंटीमीटर, माणसाच्या रमतगमत चालण्याहून कमी. एवढंसं पाणी वर्षानुवर्षं शेताची साय काढून नेत असतं.

हे पाणी आणि त्याच्यासोबत जाणारी माती आपल्या लॅपटॉपवर कशी उभी करायची, ते पायरीपायरीने सांगतो. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातलं आकड्यांच्या तक्त्यांवर गणित करणारं नमपाय जेमतेम येत असलं तरी चालेल. तयार सॉफ्टवेअर आहेतच. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचं हेक-रास फुकट मिळतं, नेदरलँड्समधल्या डेल्टारेस संस्थेचं डेल्फ्ट-थ्रीडी आहे. नदीच्या पुराचा अधिकृत अहवाल करायचा असेल तर तीच वापरा. पण त्यांच्या पडद्यावरचं रंगीत चित्र खरं कुठे आणि फसवं कुठे, हे ओळखायचं असेल तर एक छोटं मॉडेल स्वतःच्या हाताने लिहिण्यासारखा दुसरा अभ्यास नाही. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचं काम १९१६ पासून चालू आहे. तिथे नद्या-बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत खरं पाणी सोडतात. आपण तेच आकड्यांत करणार आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून ठेवा. पाण्याचा हिशेब शेवटच्या लिटरपर्यंत लागल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही. या कामात वाया गेलेले माझे बहुतेक दिवस हा क्रम मोडल्यामुळेच गेले.

जमिनीच्या उंच-सखलाचे आकडे

मॉडेलची जमीन म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक चौकोनाला एक उंची. हे आकडे आणायचे कुठून, इथेच पहिली चूक होते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने केलेल्या रडार मोहिमेचा एसआरटीएम नकाशा फुकट मिळतो, ३० मीटरच्या चौकोनांत. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहांवरून केलेला उंचीचा नकाशा, कार्टोडेम, मिळतो. पाणलोट क्षेत्राची सीमा काढायला, ओढे कुठून वाहतात ते पाहायला दोन्ही चांगले. शेताच्या धुपीसाठी मात्र त्यांच्याकडे वळू नका. एसआरटीएममध्ये उंची पूर्ण मीटरमध्ये लिहिलेली असते. आपल्या शेताचा उतार शेकडा दोन, म्हणजे ३० मीटरला फक्त ६० सेंटीमीटर. हा सगळा उतार त्या नकाशाच्या एका मीटरच्या पायरीत बुडून जातो आणि हातभर उंचीचा बांध तर त्याच्या गावीही नसतो.

म्हणून शेत मोजा. डंपी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, असेल तर उत्तम. नसेल तर पाणलोटाच्या कामावर वापरतात तो हायड्रोमार्कर चालतो, म्हणजे दोन पट्ट्यांना बांधलेली पाण्याची पारदर्शक नळी. दर पाच मीटरवर एक नोंद घ्या आणि बांध, सांडवा, पायवाट, बैलगाडीची चाकोरी इथे जास्तीच्या नोंदी घ्या, कारण पाणी याच जागा शोधतं. मग क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये या नोंदींवरून एक मीटरच्या चौकोनांचा तक्ता करून घ्या.

शिकण्यासाठी तर मोजणीचीही गरज नाही. वर सांगितलेला १०० बाय २० चा सरळ उताराचा पट्टा प्रोग्रॅममध्येच तयार करा. त्यावर एक-दोन सेंटीमीटरचा यादृच्छिक खडबडीतपणा पसरायला विसरू नका. अगदी गुळगुळीत उतारावर पाणी कायम सारखंच पसरतं, ओघळ पडायला निमित्तच मिळत नाही. खऱ्या शेतात हे निमित्त ढेकळं देतात. यादृच्छिक आकड्यांचं बीज (सीड, म्हणजे ते आकडे ज्याच्यापासून तयार होतात तो आकडा) ठरवून ठेवा, म्हणजे दर वेळी तेच शेत समोर येईल आणि काय बदललं ते कळेल.

ओढ्यांचे नकाशे काढणारी मंडळी नकाशातले खड्डे आधी बुजवून घेतात. आपण बुजवायचे नाहीत. आपलं पाणी काळानुसार वाहतं, खड्डा भरला की ते आपोआप पुढे जातं. बुजवलं तर शेततळंच गायब होईल.

पाऊस किती, याआधी पाऊस किती वेळात

आपल्याकडे २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की महसूल मंडळाच्या नोंदीत अतिवृष्टी धरतात. हा आकडा तसाच उचलून २४ तासांवर सारखा पसरवला तर तासाला २.७ मिलिमीटर होतो. जमिनीत तासाला पाच मिलिमीटर मुरत असेल तर वाहायला काहीच उरत नाही आणि मॉडेल सांगतं, धूप शून्य. तोच पाऊस एका तासात पडला तर साठ मिलिमीटर पाणी शेतावरून धावतं. तेव्हा पावसाची नोंद दहा-पंधरा मिनिटांची मिळाली तरच ती कामाची समजा. नसेल तर एक तासाचा जोरदार पाऊस गृहीत धरून चालवा आणि तसं अहवालात लिहा.

मुरणाऱ्या पाण्यासाठी सुरुवातीला एकच ठरावीक दर पुरे. काळ्या जमिनीची तऱ्हा मात्र लक्षात ठेवा. उन्हाळ्यात तिला भेगा पडलेल्या असतात, पहिलं पाणी ती भेगांतून गटागटा पिते, मग फुगते, भेगा मिटतात आणि मुरणं जवळजवळ थांबतं. जूनच्या पहिल्या पावसाला आणि ऑगस्टच्या पावसाला एकच दर लावलात तर दोनांपैकी एक उत्तर नक्की चुकेल.

पाणी वाहवायचं कसं

उथळ पाण्याची पूर्ण समीकरणं फ्रेंच अभियंता सां-वेनां याने १८७१ मध्ये मांडली. ती सगळीच्या सगळी सोडवायची गरज नाही. पॉल बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पुराच्या मॉडेलसाठी त्यांचं एक सुटसुटीत रूप दिलं. शेकडा एक-दोन उताराच्या शेताला ते छान लागू पडतं.

मांडणी अशी समजा. पाण्याची खोली चौकोनाच्या आत राहते. प्रवाह मात्र दोन चौकोनांच्या मधल्या शिवेवर राहतो. म्हणून प्रवाहाचे दोन वेगळे तक्ते लागतात, एक पूर्व-पश्चिम शिवांचा, एक उत्तर-दक्षिण शिवांचा. प्रत्येक शिवेवर आधी दोन गोष्टी काढा. पहिली, पाण्याच्या पृष्ठाचा उतार: पुढच्या चौकोनातली जमीन अधिक पाणी, वजा मागच्या चौकोनातली जमीन अधिक पाणी, भागिले चौकोनाची बाजू. दुसरी, शिवेवरची खोली: दोन्हींपैकी उंच पाणीपातळी वजा दोन्हींपैकी उंच जमीन. या दुसऱ्या ओळीमुळेच बांधाआड साठलेलं पाणी बांधाचा माथा गाठेपर्यंत पलीकडे जात नाही. मग

नवा प्रवाह = (जुना प्रवाह − ९.८१ × खोली × कालपायरी × पृष्ठाचा उतार) ÷ (१ + ९.८१ × कालपायरी × न² × |जुना प्रवाह| ÷ खोलीचा ७/३ घात)

इथे प्रवाह म्हणजे एक मीटर रुंदीतून सेकंदाला जाणारं पाणी, ९.८१ हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा, कालपायरी म्हणजे मॉडेल एका फेरीत जितके सेकंद पुढे सरकतं तेवढा वेळ, आणि ‘न’ हा मॅनिंगचा खरखरीतपणाचा गुणांक. उघड्या मशागतीच्या जमिनीला ०.०४ ते ०.०६ धरा, दाट गवताला ०.२४ पर्यंत. खाली मी ०.०४ धरलाय. शिवेवरची खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी असेल तर प्रवाह सरळ शून्य करा, नाहीतर भागाकारात आकडे उधळतात.

सगळ्या शिवांचे प्रवाह काढून झाले की मगच खोल्या बदला, सगळ्या एकदम. एकेक चौकोन घेऊन लगेच बदलत गेलात तर ज्या दिशेने लूप फिरतो त्या दिशेला पाणी झुकतं आणि सपाट जमिनीवरही ओघ तयार होतो. नमपायच्या अख्ख्या तक्त्यांवर एकाच वेळी गणित केलं की हा दोष आपोआप टळतो आणि वेगही कितीतरी पटींनी वाढतो.

आता कालपायरी. पाण्याची लाट एका पायरीत एक चौकोन ओलांडून पुढे जाता कामा नये, हा नियम कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ मध्ये दाखवून दिला. उथळ पाण्यात लाटेचा वेग म्हणजे ९.८१ आणि खोली यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. चौकोनाची बाजू भागिले हा वेग, आणि सुरक्षिततेसाठी त्याच्या निम्मं. बांधामागे ४० सेंटीमीटर पाणी साठलेलं असेल तर एक मीटरच्या चौकोनाला पाव सेकंद येतो, म्हणजे तासाभराच्या पावसाला १४,४०० पायऱ्या. चौकोन अर्ध्या मीटरचा केलात तर चौकोन चौपट, पायऱ्या दुप्पट, काम आठपट. पहिल्या दिवशी बारीक चौकोनांचा मोह धरू नका. कालपायरी एकदाच ठरवून ठेवू नका, प्रत्येक फेरीत सर्वांत खोल पाणी पाहून नव्याने काढा.

एक आवर घालणं राहिलं. चौकोनात जेवढं पाणी आहे त्याहून जास्त बाहेर जाणार असेल तर त्या चौकोनातून बाहेर जाणारे सगळे प्रवाह त्याच प्रमाणात कमी करा. खोली उणे झाली म्हणून ती नुसती शून्य करून पुढे गेलात तर तेवढं पाणी तुम्ही हवेतून निर्माण केलंत.

या पद्धतीची मर्यादाही इथेच सांगतो. सह्याद्रीच्या कड्यासारख्या तीव्र उतारावर, किंवा सांडव्यावरून खाली धबधबणाऱ्या पाण्याला ती शोभत नाही, कारण पाण्याच्या स्वतःच्या वेगाचा पुढे ढकलणारा भाग तिने सोडून दिलेला आहे. तिथले तिचे आकडे हाताने तपासल्याशिवाय वापरू नका.

तीन परीक्षा

पहिली परीक्षा निवांत तळ्याची. खडबडीत तळाच्या खड्ड्यात सपाट पातळीचं पाणी भरा, पाऊस बंद ठेवा, प्रोग्रॅम तासभर चालवा. पाणी हललं तर पृष्ठाच्या उताराऐवजी कुठेतरी जमिनीचा उतार वापरला गेलाय.

दुसरी, साध्या बेरजेची. २,००० चौरस मीटरवर ६० मिलिमीटर वेगाचा पाऊस अर्धा तास पडला, म्हणजे ३० मिलिमीटर, म्हणजे ६० घनमीटर, साठ हजार लिटर. शेतात उरलेलं, मुरलेलं आणि खालच्या कडेने बाहेर पडलेलं यांची बेरीज तेवढीच आली पाहिजे. साठ हजारांत एका लिटरचाही फरक मला चालत नाही, कारण हा फरक मोजणीतला नसतो, प्रोग्रॅममधल्या भोकाचा असतो. ही बेरीज दर शंभर पायऱ्यांनी छापायची सवय लावा.

तिसरी परीक्षा मला सर्वांत आवडते, कारण तिचं उत्तर कागदावर काढता येतं. ती खडबडीतपणा काढलेल्या गुळगुळीत पट्ट्यावर घ्यायची. पाऊस सारखा पडत राहिला की शेवटी खालच्या कडेला प्रत्येक मीटर रुंदीतून सेकंदाला १.६७ लिटर पाणी जाणार: शंभर मीटर लांबी गुणिले पावसाचा वेग, दुसरं काही नाही. मॅनिंगच्या सूत्राने त्याची खोली १० मिलिमीटर येते. आणि हा स्थिर प्रवाह यायला किती वेळ लागेल? तासाला ६० म्हणजे मिनिटाला एक मिलिमीटर पाऊस. खालच्या कडेची खोली १० मिलिमीटर व्हायला दहा मिनिटं. मॉडेलमधला बाहेर जाणारा प्रवाह दहा मिनिटांच्या आसपास चढून स्थिरावला, तर पाणी बरोबर वाहतंय असं समजा. त्याच्या आधी किंवा बराच नंतर स्थिरावला तर खरखरीतपणाची ओळ पुन्हा वाचा.

या तिन्ही पार पडल्या की मग माती.

माती उचलणं

पाणी जमिनीला किती जोराने ओढतं त्याला अभियंते शिअर स्ट्रेस म्हणतात. आपण ओढ म्हणू. वाहत्या पाण्यासाठी हाच शब्द आपल्या तोंडी आहे. ओढ = ९,८१० × खोली × उतार, पास्कलमध्ये. आपल्या शेताच्या तळाशी खोली ०.०१ मीटर, उतार ०.०२, म्हणून ओढ साधारण दोन पास्कल.

प्रत्येक मातीला एक उंबरठा असतो. ओढ त्याच्या आत असेल तर कण हलत नाहीत. सुट्या वाळू-खड्यांसाठी हा उंबरठा शील्ड्सने बर्लिनमध्ये केलेल्या १९३६ च्या प्रयोगांवरून काढता येतो. एक सेंटीमीटरचा खडा हलायला सुमारे साडेसात पास्कल लागतात. चिकट मातीत कण एकमेकांना धरून असतात, म्हणून तिथे सूत्राऐवजी मोजलेला आकडा लागतो. समजायला उंबरठा दीड पास्कल धरू. मग

उचल = धूपक्षमता × (ओढ − उंबरठा)

धूपक्षमता म्हणजे माती किती सहज उठते त्याचा आकडा. ती ०.००५ धरली तर तळाशी दर चौरस मीटरवरून सेकंदाला अडीच ग्रॅम माती उठते. हे दोन्ही आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या शेताचे कसे काढायचे ते शेवटी येईल.

आता बघा काय होतं. उतारावर वरून खाली येताना खोली वाढत जाते, म्हणून ओढही वाढते, अंतराच्या ०.६ घाताने. ती दीड पास्कलला पोचते वरच्या बांधापासून ६३ मीटरवर. त्याच्या वर मातीचा कण हलत नाही, त्याच्या खाली धूप सुरू होते. मॉडेलमध्ये ही रेघ ६३ मीटरच्या आसपास उमटली की मातीचं गणितही जागेवर बसलं. उतारावर ठरावीक अंतराने ताली (आडवे बांध) टाकायच्या, हा बांध-बंदिस्तीतला जुना नियम कशासाठी आहे तेही इथे दिसतं: पाण्याला उंबरठा ओलांडण्याइतकं लांब धावूच द्यायचं नाही.

गवताच्या बाबतीत एक सापळा आहे. दाट गवतासाठी ‘न’ ०.२४ केलात तर पाणी अडून खोली तीन सेंटीमीटर होते आणि सूत्राने ओढ ५.८ पास्कल येते, उघड्या जमिनीच्या जवळजवळ तिप्पट. मॉडेल बिनदिक्कत सांगतं की गवत लावल्याने धूप वाढली. घडतं असं की ती बहुतेक ओढ गवताच्या काड्या झेलतात, मातीपर्यंत फार थोडी पोचते. मातीच्या वाट्याची ओढ काढायला एकूण ओढीला मातीचा ‘न’ भागिले एकूण ‘न’ याच्या वर्गाने गुणा. ०.०४ भागिले ०.२४, त्याचा वर्ग छत्तिसावा भाग. उरली ०.१६ पास्कल, उंबरठ्याच्या खूप खाली. ही एक ओळ नसलेलं मॉडेल गवताच्या पट्ट्यांबद्दल काय वाटेल ते सांगेल.

चौकोनाच्या आकाराचाही परिणाम असाच लपलेला असतो. एक मीटरच्या चौकोनात पाणी सारखं पसरलंय असं आपण मानतो. प्रत्यक्षात तेच पाणी वीतभर रुंदीच्या ओघळात गोळा झालं की ओढ दोनवरून पाच पास्कलवर जाते. म्हणजे सालकाढी धूप (पातळ थराने जाणारी) एक मीटरच्या चौकोनात ठीक दिसते, ओघळपाडी धूप (ओघळांतून जाणारी) कमीच दिसणार. ओघळच पाहायचे असतील तर दहा मीटरचा छोटा तुकडा घेऊन त्याचे दहा सेंटीमीटरचे चौकोन करा.

माती वाहणं आणि बसणं

उचललेली माती पाण्यात किती वेळ राहील हे कणाच्या आकारावर ठरतं, आणि तो आकार कळायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेची उभट बरणी घ्या, एक तृतीयांश शेतातली चाळलेली माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. झाकण घट्ट लावून पाच मिनिटं चांगली हलवा आणि ओट्यावर ठेवून द्या. मिनिटाभरात तळाशी बसते ती वाळू, तिथे काचेवर पेनाने खूण करा. दोन तासांनी दुसरी खूण, मधला थर पोयट्याचा. वरचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहिलं तर ती चिकणमाती. पट्टीने थर मोजा, मातीचं प्रमाण हातात आलं.

बरणीत जे दिसलं तेच स्टोक्सने १८५१ मध्ये सूत्रात मांडलं. बारीक कणाचा बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर जातो. ०.०५ मिलिमीटरचा पोयटा सेकंदाला दोन-सव्वादोन मिलिमीटर खाली येतो, म्हणजे एक सेंटीमीटर पाण्यात चार-पाच सेकंदांत तळाला. ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीला तेवढ्याच पाण्यात पाऊण तास लागतो. म्हणून मॉडेलमध्ये निदान दोन प्रकारचे कण वेगळे ठेवा. एकच सरासरी कण घेतलात तर बांधामागे सगळंच बसेल किंवा काहीच बसणार नाही. खऱ्या बांधामागे वाळू-पोयटा अडतो आणि पिकाला हवी असलेली बारीक माती सांडव्यावरून निघून जाते.

बसणारी माती = बसण्याचा वेग × पाण्यातलं मातीचं प्रमाण. वाहणारी माती = शिवेवरचा प्रवाह × ज्या चौकोनातून पाणी येतंय त्यातलं प्रमाण. हे प्रमाण वरच्या बाजूच्या चौकोनाचंच घ्या. दोन्हींची सरासरी घेतली की कुठेतरी प्रमाण उणे होतं. उचल वजा बसणं, त्यावरून जमिनीची उंची बदला. शेतातल्या मातीचा एक घनमीटर पोकळीसकट सुमारे १,३०० किलो भरतो, दगडासारखे २,६५० किलो धरू नका. एका पायरीत जमीन पाण्याच्या खोलीच्या पाच टक्क्यांहून जास्त बदलत असेल तर तेवढ्यापुरती पायरी लहान करा.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती नजरेला दिसत नाही. माझ्या पहिल्या मॉडेलमधलं शेत समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर होतं आणि मेमरी वाचावी म्हणून मी उंचीचा तक्ता ३२ बिटांच्या आकड्यांत ठेवला होता. रात्रभर प्रोग्रॅम चालला. सकाळी पाण्यात गाळ भरपूर, पण जमीन जिथल्या तिथे, एक खरवडाही नाही. ६०० च्या जवळ ३२ बिटांच्या आकड्याची सर्वांत लहान पायरी ०.०६ मिलिमीटर असते. माझ्या एका कालपायरीतली धूप अर्ध्या मायक्रॉनची, म्हणजे तिच्या शंभराव्या भागाहून कमी. ६०० मधून ती वजा केली की उत्तर पुन्हा ६००. प्रत्येक पायरीला माती पाण्यात जमा होत होती आणि जमिनीतून वजा होत नव्हती. हे कळलं ते मातीची बेरीज छापली तेव्हा. तेव्हापासून मी ६४ बिटांचे आकडे वापरतो आणि जमिनीतला बदल एका वेगळ्या तक्त्यात साठवतो. पाण्यासारखाच मातीचाही हिशेब ठेवा: जमिनीतून गेलेली, पाण्यात असलेली, बसलेली, बाहेर पडलेली.

काठ ढासळणं

घळ खोल होत गेली की तिचे काठ पाण्याने नाही, वजनाने पडतात. शेजारच्या दोन चौकोनांतला उतार ठरावीक कोनापुढे गेला की जादा उंचीचा थोडा भाग वरच्यातून काढून खालच्यात टाका. सुट्या वाळूला सुमारे ३३ अंश, म्हणजे एक मीटरच्या चौकोनाला ६५ सेंटीमीटर फरक. चिकट मातीचा काठ कोरडा असताना जवळजवळ उभा राहतो आणि भिजला की कोसळतो. एवढी पायरी पन्नास कालपायऱ्यांतून एकदा केली तरी चालते.

आता बांध घाला

उताराला आडवा, वरून ६० मीटरवर, अर्धा मीटर उंचीचा बांध तक्त्यात उभा करा आणि तोच पाऊस दीड तास पाडा. मग त्याच बांधात एक मीटर रुंदीची, दहा सेंटीमीटर खोल खाच ठेवून पुन्हा पाडा. गुरं जाऊन-येऊन पडते तशी.

आकडे हाताने काढू. बांधाच्या वरच्या बाजूच्या ६० बाय २० मीटरचं पाणी म्हणजे सेकंदाला २० लिटर. ते सगळं आधी बांधामागे साठतं आणि खाचेपर्यंत चढलं की खाचेतून पाच सेंटीमीटर जाडीने पलीकडे उतरतं. बांधाच्या खालच्या बाजूचा उतार दोनास एक असेल तर तिथली ओढ सत्तर-ऐंशी पास्कलच्या घरात जाते. वर शेतात तेच पाणी पसरलेलं असताना दीड पास्कलही नव्हती. खाच खोल होते, जास्त पाणी खेचते, आणखी खोल होते. मॉडेलमध्ये हे पाहताना बांध मधूनच का फुटतो ते लख्ख कळतं. इथे मघाशी सांगितलेली मर्यादा लागू होते: बांधाच्या उतरणीवरचे मॉडेलचे आकडे कच्चे धरा, फुटायची जागा मात्र खरी धरा. खाचेच्या जागी दगडी सांडवा करायचा असेल तर त्या चौकोनांचा उंबरठा मोठा ठेवून पुन्हा चालवा आणि पाणी सांडव्याच्या बगलेने माती कोरतंय का ते तपासा. बरेचदा कोरतं, म्हणून सांडव्याच्या दोन्ही कडा बांधात खोलवर घ्याव्या लागतात.

शेताशी ताळा

एका हेक्टरवरून एक मिलिमीटर माती गेली की १३ टन होतात. भारतातल्या धुपीची सरासरी वर्षाला हेक्टरी १६.४ टन, म्हणजे सव्वा मिलिमीटर, असा १९८३ चा प्रसिद्ध अंदाज आहे. त्याच अंदाजात या मातीपैकी ६१ टक्के नुसती एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. तुमच्या मॉडेलने एका पावसात हेक्टरी दोनशे टन दाखवले तर धूपक्षमता जास्त आहे. उठलेली सगळीच माती शेताबाहेर गेली तर बसण्याची ओळ चुकलीय.

शेतात खिळे ठोकून मिलिमीटरभर बदल मोजणं अवघड आहे, ढेकळं आणि मशागत त्याला बुडवून टाकतात. त्यापेक्षा खालच्या बांधाशी एक गाळखड्डा खणा, पावसानंतर त्यातला गाळ पाट्यांनी मोजा, एक पाटी वाळवून तिचं वजन करा. धूपक्षमता या आकड्याशी जुळेपर्यंत बदलायची.

उंबरठ्यासाठी याहून सोपी खूण आहे. पहिला जोराचा पाऊस ओसरला की मशागत केलेल्या शेतात वरच्या बांधापासून उताराने खाली चालत या आणि पहिला ओघळ कुठे सुरू झालाय तिथे काठी रोवा. पट्ट्यात पाच-सहा ठिकाणी असं करा, बांधापासूनची अंतरं टेपने मोजा. मॉडेलमधली रेघ ६३ मीटरवर आणि काठ्या ४० मीटरच्या आसपास असतील तर त्या अंतरावरची ओढ काढा: १.१४ पास्कल. तुमच्या मातीचा उंबरठा तेवढा, तोच आकडा मॉडेलमध्ये घाला आणि पुढच्या पावसाला काठ्या पुन्हा रोवा.